कोल्हापूरचा आकडा

२० सप्टेंबर. सकाळी चहाचा कप विसळून ठेवला, टेबल पुसलं आणि साखरेच्या नव्या हंगामाचा पहिला अंदाज मांडायला बसले.

ही गेल्या वर्षीची तारीख. साखरेच्या धंद्याचं वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सुरू होतं. त्याआधी, कारखान्यांच्या चिमण्यांतून धूर निघण्याच्याही आधी, मला सांगावं लागतं की यंदा देशात साखर किती होईल, जगात किती होईल, लोक किती खातील आणि खाऊन किती उरेल. कानपूरच्या एका साखर पेढीसाठी मी वाराणसीत बसून हे काम करते. पेढी कारखान्यांची साखर मिठाईवाले, बिस्किटवाले, सरबतवाले आणि घाऊक दुकानदार यांना मिळवून देते. मी साखरेचं पोतं उचलत नाही आणि विकतही नाही. बाजार कुठल्या बाजूला झुकेल, एवढंच सांगते. रामघाटाच्या गल्लीत मला ‘चीनीवाली दीदी’ म्हणतात. भाजीच्या गाड्यापाशी बायका विचारतात, "दीदी, चीनी सस्ता होई?" मी सांगते, "दो किलो लेना है तो कभी भी ले लो."

त्या दिवशी अंदाजाबरोबर आणखी एका प्रश्नाचं उत्तर पाठवायचं होतं. आदल्या दिवशी कानपूरहून सौरभचा फोन आला होता. सौरभ हा मालकांचा पुतण्या. आता कारभार तोच पाहतो. मुलगा हुशार आणि बोलायला नम्र.

"मैडम, महाराष्ट्र का अनुमान इस साल से सैटेलाइट वालों से ले लें? कोल्हापुर वाले अण्णाजी को रखना है कि नहीं, आप बता दीजिए. जो आप लिखेंगी वही होगा."

"कल रात तक बताती हूँ," मी म्हटलं.

आण्णा म्हणजे दिनकरराव, कोल्हापूरचे दलाल आणि पेढीचे तिकडचे वार्ताहर. वीस वर्षांहून जास्त काळ रोज सकाळी, बाजार उघडण्याआधी, त्यांचा फोन येत होता. ते तिकडचा भाव आणि उसाची हालत सांगायचे, मी इकडची सांगायची. माणूस मी कधी पाहिला नव्हता, फोटोसुद्धा नाही. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं या लेखाला लागत नाहीत. आईवडील गेले, भाऊ पुण्याला असतो, आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या काशीत, त्यामुळे चुलत घरातली मुलं आपसात हिंदीच बोलतात. तेव्हा दिवसभरात माझ्या तोंडून जे मराठी निघायचं ते बहुतेक त्या फोनवरच. आण्णांना काढलं की फोन बंद होणार. ठेवायचं म्हटलं तर त्यांचा आकडा भरवशाचा आहे असं सही करून सांगावं लागणार, आणि त्याबद्दल मला गेल्या हंगामापासून शंका होती. उत्तर सोपं नव्हतं, म्हणून मी आधी ताळेबंद मांडायला घेतला.

ताळेबंद कुणालाही समजेल असा असतो. गोदामांत जुनी साखर किती, त्यात नवी किती पडणार, त्यातून लोक किती खाणार, परदेशी किती जाणार, इथेनॉलकडे किती वळणार. उरेल ती शिल्लक. शिल्लक भरपूर दिसली की खरेदीदार निवांत बसतात, कमी दिसली की धावत सुटतात. जगाचा ताळेबंदही असाच असतो. त्यात फक्त देश जास्त आणि खरं बोलणारे कमी.

जगात साखर मुबलक की तुटीची, हे मुख्यतः ब्राझील, भारत आणि थायलंड ठरवतात. त्यातही ब्राझील. तिथल्या कारखान्यांना एक सोय आहे: त्याच उसातून साखर काढायची की गाड्यांसाठी इथेनॉल, हे ते हंगाम चालू असताना बदलू शकतात. खनिज तेल महागलं की ऊस इंधनाकडे जातो, साखर कमी होते आणि त्याची झळ इथे बनारसच्या लवंगलता मिठाईच्या पाकाला लागते. दर पंधरवड्याला तिथले आकडे येतात. ते आले की मी आधी एकच गोष्ट पाहते, शंभर भागांतले किती भाग साखरेला गेले. माझ्या ओळखीच्या बायका सून काय करते आहे याची जितकी खबर ठेवतात, तितकी मी ब्राझीलची ठेवते. तिकडे मी कधी जाणार नाही.

मागणीचं गणित पूर्वी सोपं होतं. माणसं वाढली की साखर वाढायची. आता श्रीमंत देशांत भूक मारणारी इंजेक्शनं आली आहेत, गोड पेयांवर कर बसले आहेत, आणि मोठ्या कंपन्या गुपचूप साखर कमी करताहेत. आफ्रिकेतली आणि आपल्याकडची वाढती शहरं ती जागा भरून काढतील का, यावर जगातले अंदाजवाले भांडत असतात. बनारसची मला चिंता नाही. इथे माणूस जन्मला तरी बुंदी होते आणि गेला तरी तेराव्याला होते.

पण जगाचे आकडे हे टेबलावरचं काम झालं. धंद्याचा जीव असतो शेतात. मी दर वर्षी इथून जवळच्या मऊ, आझमगढ जिल्ह्यांत जाऊन ऊस पाहते. कांडं चिरते, पेरं मोजते, शेतकऱ्याला विचारते की यंदा नवी लागण किती आणि खोडवा किती. खोडवा म्हणजे एकदा तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून फुटलेलं दुसऱ्या वर्षीचं पीक. हे तिकडे कोल्हापूर–सांगलीच्या पट्ट्यात आण्णा करायचे. उपग्रहाला शेत हिरवं दिसतं. कांड्याच्या आत सडून लाल झालं असलं तर ते त्याला दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी कोयता घेऊन जावं लागतं.

गिऱ्हाइकांबद्दल दोन शब्द सांगते. माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक म्हणजे साहूजी, मिठाईचे मोठे व्यापारी. त्यांना ब्राझील, थायलंड, पाऊस यांतलं काही ऐकायचं नसतं.

"मैडम, खरीदूँ कि रुकूँ?"

"साहूजी, पहले सुन तो लीजिए, ब्राज़ील में..."

"ब्राज़ील से हमको रिश्ता थोड़े करना है. खरीदूँ कि रुकूँ?"

साहूजी आणखी एकाला विचारतात. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक ज्योतिषी बसतात, पांडेजी. ते जिनसांची तेजी-मंदी ग्रहांवरून सांगतात. आमचं वैर नाही. कधीकधी ते जिना चढून वर येतात, पाणी मागतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, "बहनजी, इस बार पेराई कब शुरू होगी?" मी गाळपाचा अंदाज सांगते. आठवड्याने साहूजींकडून कळतं की शनी अमुक घरात गेल्यामुळे साखर नरम राहणार आहे. मी एकदा पांडेजींना म्हटलं, "कम से कम शनि से मेरा नाम तो बता दीजिए." ते म्हणाले, "आपका नाम बता दिया तो फिर हमारे पास कौन आएगा?"

फोनवरच्या आवाजाचा नियम मला आण्णांनी घालून दिला. माझे वडील गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मणिकर्णिकेहून भाऊ परत आला होता, घरात माणसं होती, आणि तरीही मी सकाळी फोन उचलले, कारण मी नवी होते आणि मला वाटलं काम थांबायला नको. साहूजींनी विचारलं, खरीदूँ कि रुकूँ. मी म्हटलं, "खरीद लीजिए." पण माझा गळा दाटलेला होता. साहूजींनी शब्द सोडले आणि आवाज धरला. मॅडम रडवेली झाली आहे म्हणजे पेढी अडचणीत आहे, साखर पडणार, असं त्यांनी ठरवलं. खरेदी थांबवली. दुपारपर्यंत बाजारात आणखी चौघांनी हात आखडला. कानपूरहून मालक ओरडले.

दुसऱ्या सकाळी आण्णांनी मला समजावलं. "वसुताई, दलालाचा आवाज म्हंजे फळ्यावर लिहिलेला भाव. लोक त्योच वाचत्यात. घरचं घरी ठेवायचं. आवाज एकदम सपाट. माझ्या घरी उद्या आग लागली तरी तुमास्नी कळणार न्हाई, बघा."

"वडील गेले माझे, आण्णा."

"मला आत्ता कळलं. लई वाईट झालं," ते म्हणाले. आणि लगोलग: "लिहून घ्या. आजचा भाव..."

त्यानंतर मी आवाज सपाट ठेवायला शिकले. इतकी, की माझं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेवरून तीन दिवस भाव दिले आणि कुणाला पत्ता लागला नाही. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला. नंतर लक्षात आलं की मला बरं आहे का असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ते माझ्याच कौशल्यामुळे.

आण्णांच्या आकड्याबद्दलची शंका मात्र तुऱ्यामुळे आली. उसाला तुरा येतो, म्हणजे फुलोरा. पांढरे झुपके शेंड्यावर उभे राहतात. तुरा आला की उसाची वाढ थांबते, आतून पोकळ होऊ लागतो, वजन घटतं. गेल्या हंगामात तिकडे तुरा लवकर आणि भरपूर आला. एसटीतून जाणाऱ्या माणसालाही दिसावा इतका. आण्णा मात्र मला रोज सांगत होते, "ऊस जोरात हाय, वसुताई, काळजी नको." कारखाने अपेक्षेआधीच बंद होऊ लागले तेव्हा कुठे त्यांनी तुऱ्याचं नाव काढलं. उभं आयुष्य उसात घालवलेला माणूस तुरा कसा चुकला? मी मनाशी म्हटलं, वय झालं, नजर कमी झाली असेल. विचारलं नाही. आम्ही एकमेकांना असलं काही विचारत नव्हतो.

तर २० सप्टेंबरला दुपारपर्यंत माझा जगाचा ताळेबंद झाला. ब्राझीलचा कल साखरेकडे होता, थायलंडचं पीक सावरलं होतं. जगात गरजेपेक्षा साखर जास्त दिसत होती. उत्तर प्रदेशचा आकडा माझ्या पाहणीचा. त्यातलं मऊकडचं एक शेत तेवढं राहिलं होतं. महाराष्ट्राचा रकाना रिकामा. एकीकडे उपग्रहाचा आकडा, दुसरीकडे सकाळीच आण्णांनी फोनवर दिलेला, त्याच्यापेक्षा बराच मोठा. मी दोन्ही लिहून ठेवले आणि भात लावला.

संध्याकाळी भालू आला. भालू माझा धाकटा चुलतभाऊ, दुर्गाघाटावर याज्ञिकी करतो. पितृपक्षात त्याला जेवायला वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, म्हणजे आणखी गर्दी. त्यात गंगा चढलेली, खालचे घाट पाण्यात, त्यामुळे सगळे विधी लोकांच्या गच्च्यांवर आणि वरच्या पायऱ्यांवर चालले होते. तो आला तो पाय धुऊन थेट खुर्चीत बसला.

"ताई, चहा दे. कडक. दिवसभर इतके पिंड पाडले की हाताला पिठाचा वास चिकटलाय." दोन घोट घेतल्यावर त्याला आठवलं. "अगं, तुझ्या लाइनचा एक यजमान आला होता बरं का."

"माझी कुठली लाइन?"

"चीनीची. कोल्हापूरचा म्हातारा. बायकोच्या अस्थी घेऊन आला होता भाच्याबरोबर. गुडघे एकदम खराब, भाच्याचा खांदा धरल्याशिवाय पाऊल नाही. आमच्या गल्लीत तो बताशेवाला आहे ना, त्याच्या परातीपाशी थांबला. चिमूटभर साखर घेतली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि म्हणाला, ‘ओल धरलीया हिनं.’ बताशेवाला परेशान! मी म्हटलं, हे तर हूबहू आपल्या ताईचं नाटक."

साखर तळहातावर चोळून फुंकण्याची ही पद्धत दलालांची. कोरडी साखर उडते, ओलसर चिकटून राहते. भारतात हे करणारे हजारो असतील. तरी मी गॅस बंद केला.

"कधी आला होता?"

"पक्ष लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन रात्री आमच्याच गच्चीवरच्या खोलीत होता. आणि गंमत ऐक. सकाळी सकाळी गच्चीत उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगतोय, ‘आमच्याकडं बारीक पाऊस हाय, उसाला चांगला.’ मी वर बघितलं तर कडक ऊन! म्हटलं, गेलं बिचाऱ्याचं डोकं दुःखात." भालू हसला.

मला हसू आलं नाही. ती सकाळ मला आठवली. बारीक पाऊस आहे, असं आण्णा मला म्हणाले होते, आणि मी ते लिहून घेतलं होतं. त्या वेळी फोनमध्ये देवळाची घंटा दोनदा ऐकू आली, एकामागून एक. मला वाटलं, लाइन खराब आहे. एक घंटा माझ्या खिडकीतून येत होती आणि तीच घंटा त्यांच्या फोनमधून.

"नाव काय त्याचं?"

"संकल्पात सांगितलं होतं... दिनकर. दिनकरराव. का गं, तुला मालूम आहे?"

"तो आणखी काय बोलला?"

"फार नाही. जाताना विचारलं, रामघाट इथून किती लांब. मी म्हटलं, हे काय, इथून वळलं की. पोचवू का म्हटलं. तर म्हणाला, ‘असू द्या.’"

भालू गेल्यावर मी आण्णांना फोन लावला. संध्याकाळी मी त्यांना कधी फोन केला नव्हता. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला वसुताई. काय झालं? काय फुटलं बाजारात?"

"बाजारात काही नाही. आण्णा, तुम्ही काशीला येऊन गेलात."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"व्हय," ते म्हणाले.

"काकूंचं मला कळवलं नाहीत."

"घरचं घरी."

"किती दिवस आजारी होत्या?"

"दोन वर्सं अंथरुणाला खिळली होती. तिला एकटं टाकून कुठं जाणार? पोरगा बंगलोरला. बाई ठेवली तर ती बाईच्या हातचं खायची न्हाई. मग मी बसलो. खिडकीतनं जेवढं आभाळ दिसतंय तेवढं बघायचं आन तुमास्नी सांगायचं. तोडणीच्या मुकादमांस्नी फोन करायचो, ती माणसं आपल्या फायद्याचं सांगायची. तुरा मला दिसला न्हाई, वसुताई. मी घराभाएरच पडलो न्हाई, तर दिसणार कसा?"

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

"तुमचा आकडा काढून टाकला असता."

"मंग?"

मग मी जे विचारायचं होतं ते विचारलं. "इथवर आलात आणि भेटला नाहीत."

"भेटलो असतो तर तुमी पहिलं काय विचारलं असतं?"

"ऊस कसा आहे, हे."

"त्येच," आण्णा म्हणाले. "फोनवर खोटं बोलाय जमतं. तोंडावर जमत न्हाई. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभा ऱ्हायलो हुतो थोडा वेळ. भाचा म्हणला, मामा, कुणाचं घर हाय? मी म्हणलं, हापिसातलं माणूस."

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे आणि ते मला त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "आण्णा, मी आज कानपूरला लिहिणार आहे की तुमचा आकडा धरू नये."

"धरूच नका. आजचा तर बिलकूल न्हाई. त्यो मी अंदाजपंचे फेकलाय." त्यांचा आवाज सपाट होता. मला आता तो आवाज ऐकवेना. "मी तुमच्या जागी असतो तर गेल्या वर्सीच काढला असता. तुमी उशीर केलासा."

"गुडघ्यांना काय झालंय?"

"आं?"

"गुडघे. भालू म्हणाला, खराब आहेत."

हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. म्हणाले, "जुनं हाय ते. चालतंय." आणि मग, "बरं मग... ठेवतो. परवा बाजार उघडल्यावर फोन..." वाक्य तिथेच राहिलं. परवा फोन करण्याचं कारण मी नुकतंच काढून टाकलं होतं. दोघांनाही ते एकदमच कळलं. त्यांनी ठेवला.

मी अंदाज पुरा केला. महाराष्ट्राच्या रकान्यात उपग्रहाचा आकडा घातला, त्यातून तुऱ्याच्या धास्तीपोटी थोडा कापला. खाली सौरभसाठी लिहिलं की कोल्हापूरची प्रत्यक्ष पाहणी दोन हंगाम झालेली नाही, तो आकडा यापुढे घेऊ नये, आणि उपग्रहाबरोबर तिकडे शेतात जाणारा नवा माणूस नेमावा, नाहीतर पुढच्या वेळी तुराही चुकेल आणि रोगही. आण्णांच्या घरचं काही लिहिलं नाही. सौरभचं लगेच उत्तर आलं: "धन्यवाद मैडम, बहुत क्लियर है." काम चोख झालं होतं. मी भात गरम केला आणि उभ्यानेच खाल्ला.

एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून जगभराच्या साखरेची बित्तंबातमी ठेवली. कुठल्या खंडात किती शिल्लक, कोण किती खातं, सगळं तोंडपाठ. पण काकूंचं नाव काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं. आण्णांना माझ्या ऑपरेशनचं ठाऊक नव्हतं. यात कुणाचा दोष आहे असं मला वाटत नाही. फोन कामाचा होता, आम्ही काम केलं. फक्त त्या रात्री सौरभचं उत्तर वाचल्यावर ते दाखवायला कुणी नव्हतं, आणि दाखवावंसं वाटलं असतं असा माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. अमावास्येला आमच्याकडे सौदे होत नाहीत, तिकडेही नाहीत. जुनी रीत आहे, अजून पाळतात. त्या दिवशी कुणी कुणाला फोन करत नाही. मी पहाटेच्या बसने मऊच्या बाजूला गेले, राहिलेलं शेत पाहायला. शेतकरी ओळखीचा आहे. त्याने कोयता हातात दिला आणि म्हणाला, "दीदी, आप ही देख लीजिए, हमको तो ठीक नहीं लग रहा." मी एक कांडं तोडून उभं चिरलं. आतून लाल, मधे पांढरे डाग, आणि आंबूस वास. लाल सड. वरून बघणाऱ्याला शेत हिरवंगार दिसत होतं.

मी चिखलात चपला काढून ठेवल्या आणि कोल्हापूरला फोन लावला.

"आज अमावास्या हाय, वसुताई," आण्णा म्हणाले. "आज सौदा न्हाई."

"ठाऊक आहे."

"मग?"

"उसात आहे मी. खोडवा आहे, लाल सड लागलीय. किती आत गेलीय ते बघायचंय. सांगत जाऊ?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"कुठं उभ्या हाय?" त्यांनी विचारलं.

"बांधावर."

"बांधावरनं काय कळतंय डोंबल? आत जावा."

मी आत शिरले. पानांच्या कडा दंडाला घासत होत्या, पायाखाली पाणी होतं. फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने ऊस बाजूला सारत दहा-बारा सऱ्या ओलांडल्या. मागचा बांध दिसेना, शेतकऱ्याचा आवाजही येईना.

"काय दिसतंय?" आण्णा म्हणाले.

"काही नाही. चारी बाजूंनी ऊस."

"हां. मग बरोबर जागी हाय. आता एक कांडं धरा आन खालनं वर पेरं मोजा. मोठ्यानं मोजा, मला ऐकू येऊ द्या."

मी खाली वाकले आणि मोजायला लागले.